काटा हलायच्या आधी: लहान मुलांच्या खाण्यातली अडचण कशी ओळखायची

पाटण तालुक्यातल्या एका वाडीवरचा अडीच वर्षांचा मुलगा मला अजून आठवतो. वजन आलेखाच्या हिरव्या, म्हणजे ठीक पट्ट्यात, दंडघेर व्यवस्थित. आजी म्हणाली, "खातंय की, चांगलं खातंय." मी वहीत 'साधारण' लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. वर्षभराने त्याला ताप आला, आठवडाभर राहिला आणि पोर पिवळ्या पट्ट्यात उतरलं. तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या जेवणाच्या वेळी त्या घरात बसले. मिक्सरमधून काढलेला दूधभात आणि चहात बुडवलेलं बिस्कीट, बास. साडेतीन वर्षांच्या मुलाने भाकरीचा तुकडा कधी चावलाच नव्हता. आजी रोज सव्वा तास कोंबड्यांच्या मागे फिरत ते भरवत होती आणि तिच्या लेखी ते चांगलं खाणंच होतं. ती खोटं बोलली नव्हती. मीच चुकीचं विचारलं होतं.

मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून सातारा जिल्ह्यात बरीच वर्षं काढल्यावर हे लिहिते आहे, ते नुकत्याच कामाला लागलेल्या अंगणवाडी सेविका आणि आशाताईंसाठी. घरात लहान मूल असलेल्या कुणीही वाचावं. एक गोष्ट आधीच सांगते. निदान करणं आपलं काम नाही, ते डॉक्टरांचं. या पोराला कुणाला तरी दाखवायला हवं, एवढं वेळेत ओळखणं आपलं. वजनाचा काटा ते सांगतो, पण फार उशिरा सांगतो. ताट आधी सांगतं.

पहिली पायरी: नखरा कोणता, अडचण कोणती

दोन वर्षांचं मूल आज वरण खाईल, उद्या वाटी ढकलेल. दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान नव्या चवीला तोंड वाकडं करणं जवळपास प्रत्येक घरात दिसतं. एखादी भाजी आठ-दहा-पंधरा वेळा समोर आली की मग कुठे ती तोंडात जाते. मूल खेळतंय, वाढतंय, तीन-चार वेगवेगळ्या गटांतलं काही ना काही पोटात जातंय, तर आईला धीर द्यायचा. तिला दवाखान्याची चिठ्ठी द्यायची नाही. नाहीतर खऱ्या अडचणीच्या मुलाला चिठ्ठी दिली तरी घरचे म्हणतात, "त्या ताई सगळ्यांनाच पाठवतात."

मग अडचण कशाला म्हणायचं? २०१९ साली या विषयातल्या तज्ज्ञांनी एकमताने एक व्याख्या मांडली. इंग्रजी नाव 'पीडियाट्रिक फीडिंग डिसऑर्डर', आपण 'खाण्याची अडचण' म्हणू. मूल तोंडाने वयाला साजेसं खात-पीत नाही, हे रोजचं आहे, किमान दोन आठवडे चाललं आहे, आणि त्याच्या जोडीला चारपैकी निदान एका बाबतीत बिघाड आहे: शरीराचा आजार, पोषण, खाण्याचं कौशल्य, किंवा मन आणि घर. अडचण तीन महिन्यांहून कमी काळ चाललेली असेल तर ती ताजी, पुढे गेली की जुनाट.

हे चार कप्पे डोक्यात पक्के बसवा, कारण आपण सगळे एकाच कप्प्यात अडकतो, पोषणाच्या. वजन बरं आहे ना, मग झालं. पण टाळू फाटलेलं बाळ घ्या. दूध नाकातून येतं, हा शरीराचा भाग. चोखताना तोंडात पोकळी धरता येत नाही, म्हणजे कौशल्याची अडचण. पोट भरत नाही, वजन अडतं, हे पोषण. आणि प्रत्येक पाजणीला घाबरणारी आई, तिला टोमणे मारणारं घर, हा चौथा कप्पा. एकाच पोरात चारही. उलट, काही मुलांत फक्त तिसरा किंवा चौथाच कप्पा बिघडलेला असतो आणि काटा महिनोन्महिने गप्प राहतो. माझं पाटणचं पोर त्यातलं.

दुसरी पायरी: घरी जायच्या आधी कार्ड वाचा

माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाच्या आलेखाखेरीज पुष्कळ काही असतं. जन्म कितव्या आठवड्यात झाला, जन्मवजन किती, बाळ पेटीत होतं का, लगेच रडलं का, झटके आले होते का. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांची सांगड साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसते. त्याआधी जन्मलेल्या बाळांपैकी बऱ्याच जणांना सुरुवातीला नळीने दूध द्यावं लागतं आणि पुढेही खाण्याची पायरी उशिरा येऊ शकते. अशांचं वय मोजताना जितके आठवडे लवकर जन्म झाला तितके वजा करा, दोन वर्षांपर्यंत. दोन महिने आधी आलेलं आठ महिन्यांचं बाळ खाण्याच्या हिशेबात सहा महिन्यांचंच आहे. त्याच्या आईला "अजून घट्ट का देत नाहीस?" म्हणून ओरडलात तर चूक तुमची.

या यादीतली मुलं आधी बघा: कमी दिवसांची, डाऊन सिंड्रोम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली, हृदयाला छिद्र सांगितलेली, टाळू किंवा ओठ फाटलेली, वारंवार न्यूमोनिया झालेली. उशिरा बोलणारी, नजरेला नजर न देणारी मुलंही याच यादीत. स्वमग्न मुलांमध्ये ठरावीकच पदार्थ खाण्याचा हट्ट फार दिसतो, आणि तो हट्ट नसून त्यांना तो स्पर्श, तो वास सहन होत नाही, हे घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आशाताईंना इथे एक फायदा आहे. नवजात बाळाच्या गृहभेटी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत संपल्या तरी पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटी ठरलेल्या आहेत. त्यातल्या सहाव्या आणि नवव्या महिन्याच्या भेटी सोन्यासारख्या आहेत. उष्टावणाला मामाने अंगठीने खीर चाटवलेली असते, फोटो निघालेले असतात, आणि त्यानंतर दोन महिने बाळाच्या तोंडात फक्त दूध आणि भाताची पेज. गाठी असलेलं, दाट, चमच्यावरून न सांडणारं अन्न नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत तोंडाला लागलं नाही, तर पुढे ते लावायला फार जड जातं.

तिसरी पायरी: वेळ साधा

सकाळी दहाला गेलात तर जेवण दिसणार नाही, फक्त आवरलेलं घर दिसेल. वेळ विचारून, जेवणाच्या वेळीच जा. "तपासायला येते" म्हणू नका. "वहिनी, उद्या बाळाच्या जेवायच्या वेळेला येते, तुमच्यात काय करतात ते बघायचंय," असं म्हटलं की ताण निम्मा होतो. तरी त्या दिवशी ताटात शिरा आणि तूप येणारच, हे गृहीत धरा.

ऊसतोडीच्या हंगामात गणित वेगळं. कराड, वाळवा, पलूसकडे कारखाने पेटले की बीडकडच्या टोळ्या येतात, कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पडतात. आई पहाटेच्या अंधारात फडात जाते. कोपीत बाळाला भरवते ती सात-आठ वर्षांची बहीण. तिथे आईला विचारून उपयोग नाही, तिला माहीतच नसतं. त्या बहिणीशेजारी बसा, तिच्याशी गोडीने बोला. जतच्या पूर्वेकडे घरात कानडी असेल तर कानडी येणारी मदतनीस बरोबर न्या. अर्धवट समजलेल्या उत्तरापेक्षा ते बरं.

चौथी पायरी: सहा प्रश्न

अमेरिकेतल्या फीडिंग मॅटर्स या संस्थेची एक छोटी प्रश्नावली आहे, सहा प्रश्नांची. त्यांतल्या दोन किंवा अधिक उत्तरांत धोका दिसला तर मूल तज्ज्ञाला दाखवायचं, असा तिचा नियम. प्रश्न तिकडचे असले तरी भूक इथलीच आहे, फक्त ते आपल्या बोलीत विचारावे लागतात. मी असे विचारते:

१. भूक लागली की हे सांगतं का? रडून, हात चोखून, स्वयंपाकघराकडे ओढून, कसंही.
२. तुम्हाला काय वाटतं, पुरेसं खातं?
३. एका जेवणाला किती वेळ लागतो?
४. याने खावं म्हणून वेगळं काही करावं लागतं का?
५. पोट भरलं की कळवतं का?
६. एवढं सगळं सांगितल्यावर, याच्या खाण्याची तुम्हाला काळजी वाटते का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांच्या आत किंवा अर्ध्या तासाच्या वर आलं तर ती खूण समजा. अर्थात "अर्धा तास" हे उत्तर कुणी देत नाही. उत्तर येतं, "काय बाई, दिवस जातो." तेव्हा घड्याळाऐवजी घरातल्या कामांवर मोजा. भरवायला बसता तेव्हा टीव्हीवर काय असतं, उठता तेव्हा काय? गाई दोहायच्या आधी बसता ना, मग उठता कधी?

चौथा प्रश्न सगळ्यात जास्त बोलतो. घरात जे रोज चालतं ते कुणाला 'वेगळं' वाटत नाही. म्हणून मी थेट विचारते. मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडतं का? झोपेत पाजावं लागतं का? हात-पाय धरून, नाक दाबून घास घालावा लागतो का? सगळं मिक्सरमधून काढता का? घरातले जेवतात त्यातलं काहीच खात नाही म्हणून वेगळं शिजवता का? झोपेत पाजलं तरच दूध पितं आणि जागं असताना बाटली बघून रडतं, हे उत्तर आलं की पेन खाली ठेवा आणि नीट ऐका. पिताना काहीतरी दुखतंय किंवा गिळताना त्रास होतोय, याची ती खूण असू शकते.

सहावा प्रश्न कधीच गाळू नका. सासूच्या समोर आई "नाही, काळजी काही नाही" म्हणेल. निघताना दारापर्यंत येते तेव्हा परत विचारा. मला खरी उत्तरं बहुतेक वेळा चप्पल घालताना मिळाली आहेत.

आणि एक प्रश्न यात नाही, तो मी जोडलाय. "काल सकाळपासून झोपेपर्यंत याच्या पोटात काय काय गेलं, ते सांगा." नुसतं 'खातो का' असं विचारू नका, त्याला 'हो' हेच उत्तर असतं. कालचा दिवस विचारला की चहा किती वेळा, बिस्कीटपुडे किती, दूध किती, सगळं बाहेर येतं. एक वर्षावरच्या मुलाच्या पोटात दिवसाला अर्ध्या लिटरच्या बरंच वर दूध जात असेल तर जेवणाला जागाच उरत नाही आणि रक्त कमी होतं. रक्त कमी झालं की भूक मरते. चहा त्यात भर घालतो, कारण त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. दुधाच्या गावात हे सांगणं अवघड असतं, ज्या घरात दोन म्हशी आहेत तिथे तर जास्तच. तरी सांगायचं.

पाचवी पायरी: एक जेवण शेवटपर्यंत बघा

सगळ्या लेखात हा भाग महत्त्वाचा. वीस-पंचवीस मिनिटं गप्प बसून बघायचं. सल्ला द्यायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. अवघड आहे, मला ते जमायला पाच वर्षं लागली.

आधी बसणं बघा. आडवं, मान मागे टाकलेली, आणि वरून चमचा किंवा बोंडलं (दूध पाजायची चोचीची वाटी) ओतलं जातंय, तर अन्न चुकीच्या वाटेने श्वासनळीत जायचा धोका. आपल्याकडे पायांवर उताणं घेऊन पाजायची सवय जुनी आहे आणि बोंडल्याची धार सरळ घशात जाते. बाळ जवळपास उभं, डोकं-मान-पाठ एका रेषेत, आधार दिलेला असं हवं. मान धरता येत नसेल तर ती स्वतःच एक खूण आहे.

मग तोंड. चमचा आला की तोंड उघडतं का, ओठ चमच्यावर मिटतात का, की जीभ घास बाहेर ढकलते? सहा महिन्यांच्या आधी जीभ बाहेर ढकलणारच, ती बाळाची संरक्षणाची सोय आहे. आठ-नऊ महिन्यांनंतरही प्रत्येक घास बाहेर येत असेल तर लिहून ठेवा. सात ते नऊ महिन्यांत कुस्करलेलं, बारीक गाठी असलेलं अन्न जबडा वर-खाली करून खाता यायला हवं. नऊ-दहा महिन्यांत मऊ तुकडा बोटांनी उचलून तोंडात. वर्षाच्या सुमाराला घरचंच जेवण मऊ करून, आणि पेल्याने घोट, कुणी पेला धरून. दीड-दोन वर्षांत सांडत-सांडत का होईना स्वतःच्या हाताने चमचा. भाकरी चावायला दाढा लागतात, त्यामुळे एक वर्षाच्या पोराने कडक भाकरी खाल्ली नाही म्हणून घाबरू नका. आमटीत भिजवलेली भाकरी मात्र चालली पाहिजे.

घास गालात धरून बसणं ही खूण आई नेहमी सांगते आणि आपण नेहमी हसण्यावारी नेतो. दहा मिनिटांनी गालात तोच घास असेल तर जीभ तो मागे नेत नाहीये, किंवा चावता येत नाहीये, किंवा गिळायची भीती आहे. दात किडलेत का, तोंड आलंय का, जिभेवर पांढरा थर आहे का, तेही टॉर्च मारून बघा. कधी कधी सगळी कहाणी एका किडलेल्या दाढेची निघते. शौचाला किती दिवसांनी होते, हेही याच वेळी विचारा. बद्धकोष्ठ असलेलं पोर जेवत नाही.

आता कान लावा. गिळल्यानंतर आवाज ओला, घरघरल्यासारखा येतो का? पाणी पिताना ठसका प्रत्येक वेळी? कधीतरी ठसका कुणालाही लागतो. रोज, त्याच पदार्थाला, विशेषतः पातळ पदार्थाला लागत असेल तर तो कधीतरीचा नव्हे. खाताना डोळ्यांत पाणी, चेहरा लाल किंवा निळसर, श्वास जोरात, मध्येच थांबून दम घेणं. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या कपाळावर पिताना घाम येत असेल आणि ते दोन-तीन मिनिटांत दमून सोडत असेल, तर हृदयाची तपासणी व्हायला हवी. ही खूण मी नव्या सेविकांकडून पाठ करून घ्यायचे. लहान बाळ दिवसातून किमान सहा वेळा लघवी करतं का, हेही विचारा. दूध पुरतंय का ते त्यातून कळतं.

एक घोळ टाळा. ओकारी काढणं आणि घास अडकणं एक नाही. नवी गाठ जिभेवर आली की बाळ 'ओऽक' करतं, आवाज येतो, घास पुढे येतो. ते शिकतंय, शांत राहा. घास खरोखर अडकला तर आवाज बंद होतो, खोकताही येत नाही. आणि काही मुलांच्या श्वासनळीत अन्न जातं तरी ठसकाच लागत नाही. अशा मुलांची खूण जेवणात दिसत नाही, इतिहासात दिसते: छाती सारखी भरते, वर्षात दोन-तीनदा न्यूमोनिया, कारण सापडत नाही.

शेवटी माणसं बघा. कोण भरवतं, त्याचा चेहरा कसा आहे. मूल ताट बघून हसतं की पळतं? तोंड फिरवलं की भरवणारं थांबतं की जोर करतं? मुलाच्या बापाचं नाव घेऊन "ह्याचा बा बी असाच हुता" हे वाक्य तुम्हाला ऐकू येईलच. त्याला उत्तर द्यायच्या भरीस पडू नका. फक्त त्या घरात सगळ्यात थकलेलं कोण आहे ते ओळखा, पुढचं बोलणं त्या व्यक्तीशी करायचं आहे.

सहावी पायरी: मोजमाप

हे तुम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलंच आहे, म्हणून थोडक्यात. वजन, उंची, आणि सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या मुलाचा डाव्या दंडाचा घेर. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत म्हणजे तीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का ते बघा. सूज असेल तर वजनाचा आकडा फसवा असतो. एका आकड्यापेक्षा रेषेचा कल बघा. हिरव्यातच आहे पण तीन महिने रेषा सपाट आहे, हे मूल पिवळ्यात असूनही वर चढणाऱ्या मुलापेक्षा जास्त काळजीचं. ढोबळ अंदाज म्हणून जन्मवजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट, हेही लक्षात ठेवा.

सातवी पायरी: कुणाला, कधी, कुठे

त्याच दिवशी न्यायचं ते असं: निळं पडणं, श्वासाला धाप, पिणं पूर्ण बंद किंवा बाळ सुस्त, सहा-आठ तास लघवी नाही, प्रत्येक गोष्ट उलटून टाकणं, उलटीत हिरवं किंवा रक्त, दोन्ही पायांना सूज. इथे सहा प्रश्न वगैरे काही नाही, १०८ ला फोन करा.

त्याच आठवड्यात: रोजचा ठसका, ओला आवाज, नाकातून दूध, पिताना घाम, वारंवार न्यूमोनिया, सपाट किंवा उतरती रेषा, तीव्र कुपोषण, आणि झोपेतच पिणारं बाळ.

सहापैकी दोन प्रश्नांना धोक्याचं उत्तर आहे पण वरचं काही नाही, वजन चढतंय, अशांना, प्रश्नावलीचा नियम थेट दाखवायचा असला तरी, मी आधी थोडी सवड देते: घरातले दोन-तीन बदल सांगून दोन आठवड्यांनी परत जा. परत जेवणाच्याच वेळी. बदल नसेल तर पाठवा. आईची काळजी कायम असेल तर बदल दिसला तरी पाठवा. इथे माझं मत ठाम आहे: आईच्या काळजीला स्वतंत्र खूण माना.

वाट अशी. उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकारी किंवा आरोग्य सेविका, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. पथक येईपर्यंत थांबू नका, पण आलं की तुमची यादी तयार हवी. त्याच कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे, जिथे बालरोगतज्ज्ञांसोबत उपचारतज्ज्ञ असावेत अशी रचना आहे. साताऱ्यात जिल्ह्याचं मोठं रुग्णालय क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय. कराड-पाटणकडच्यांना कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय जवळ. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तीव्र कुपोषित मूल असेल तर ग्राम बाल विकास केंद्र, बाल उपचार केंद्र आणि पोषण पुनर्वसन केंद्र ही वाट वेगळी आहे, ती तुमच्या मुख्यसेविका सांगतील. फक्त तिथे भरती झालेलं मूल वजन वाढून परत आलं की खाण्याची अडचण संपली, असं समजू नका.

लोकांना एक गोष्ट नेहमी चकित करते. चावणं आणि गिळणं शिकवणारा तज्ज्ञ म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ. "बोलतंय की व्यवस्थित, तिकडं कशाला?" असं घरचे म्हणतील. बोलायला लागणारी जीभ, ओठ, जबडा तेच आहेत, एवढं सांगितलं तरी पुरतं.

माण-खटाव किंवा जत-आटपाडीहून जिल्ह्याला जाणं म्हणजे एका माणसाची दिवसाची मजुरी बुडणं आणि एसटीचं भाडं. रिकाम्या हाताने आलेल्या आईला मोठ्या दवाखान्यात तीन मिनिटं मिळतात आणि ती सांगते, "खात नाही." तीच तीन मिनिटं कामी आणायची तर दोन गोष्टी बरोबर द्या. एक, नीट लिहिलेली चिठ्ठी. दुसरी, तिच्याच मोबाइलवर तिच्या संमतीने काढलेला दोन मिनिटांचा जेवणाचा व्हिडिओ, ज्यात बाळाचा चेहरा, मान आणि भरवणारा हात दिसतो. दवाखान्यात मूल घाबरून काही खात नाही, तिथे हा व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. तो तिच्या फोनमध्येच राहू द्या. सेविकांच्या ग्रुपवर टाकायचा नाही, कौतुकानेही नाही.

आठवी पायरी: नंबर लागेपर्यंत घरात

कमी सांगा. दहा सूचना दिल्या की एकही पाळली जात नाही.

बळजबरी आजपासून बंद, हे पहिलं. नाक दाबून, हात धरून घातलेला प्रत्येक घास पुढचे दहा घास महाग करतो. जेवण वीस ते तीस मिनिटांत संपवायचं, उरलं तर उरलं, पुढच्या वेळेपर्यंत पाणी सोडून मध्ये काही नाही. ही वेळेची अट वजन उतरलेल्या किंवा लहान बाळाला लावू नका, तिथे डॉक्टर सांगतील तसं. मोबाइल एकदम काढून घेतला तर रणकंदन होतं, म्हणून आधी एका जेवणाला काढा. बहुतेक वेळा दुपारच्या. मूल घरातल्यांच्या पंगतीत बसू दे, त्याचं वेगळं ताट, सांडलं तर सांडू दे.

अन्न घट्ट करायचं ते पायरीपायरीने. मिक्सर कपाटात. आधी मऊ भात वरण हाताने कुस्करून, मग त्यात गाठ राहू द्यायची, मग कण्या, मग आमटीत भिजवलेली भाकरी. हुलग्याचं माडगं, नाचणीची आंबील आपल्याकडे चांगली मिळते, पण ती पातळ पिण्यापुरती राहिली तर चावणं शिकवत नाही. घरपोच आहाराचं पाकीट मिळतं तेही दाट शिजवायला सांगा.

ठसका लागणाऱ्या मुलाचं दूध पीठ घालून घट्ट करायचा सल्ला तुम्ही देऊ नका. कुणाचं काय घट्ट करायचं ते तपासूनच ठरतं. सरळ बसवा, लहान घोट द्या, लवकर पाठवा.

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे नकोत, फुटाणे नकोत. तासगावकडच्या घरांत द्राक्षाचा मणी सरळ बाळाच्या हातात दिला जातो. मणी उभा चिरून चार तुकडे करून द्यायचा. शेंगदाण्याचं कूट करून चालतं. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बाळगुटीतूनही नाही. भूक वाढवायचं टॉनिक आणून देणारा एक काका प्रत्येक घरात असतो. बाटली परत करायला लावू नका, नुसतं "डॉक्टरांना दाखवून मग सुरू करू" म्हणा, काकांचा मानही राहतो.

आईला मात्र एक गोष्ट सगळ्यांच्या समोर सांगा: यात तिची चूक नाही. सासू ऐकेल अशा आवाजात सांगा.

चिठ्ठीचा नमुना देते, मला उपयोगी पडला तो:

"मुलगा, १४ महिने. ३३ आठवड्यांना जन्म, म्हणजे खाण्याच्या हिशेबाने साधारण १२ महिने. जन्मवजन १.९ किलो, आज ७.४. गेले तीन महिने वजन वाढलेलं नाही. दंडघेर १२.३. पायांना सूज नाही. सहापैकी तीन प्रश्नांत धोका: वेळ ५० मिनिटं, मोबाइल आणि मिक्सर, आईला काळजी. जेवण पाहिलं: दाट घास गालात धरतो, गाठ आली की ओकारी. पाणी पिताना रोज ठसका, त्यानंतर आवाज ओला. डिसेंबरपासून दोनदा छाती भरली. दिवसाला दूध अंदाजे ८०० मिली, चहा दोनदा. मान धरतो, बसतो, उभा राहत नाही. व्हिडिओ आईच्या फोनमध्ये आहे. पुढची गृहभेट: गुरुवार, दुपारी साडेबारा."